उघडल्यापासून की उघडल्यामुळे

९ जानेवारी

प्रिय चिंगी,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे न फोडताच चुलीत घालशील, म्हणून पत्ता टाइप करून घेतला. एवढी लबाडी माफ कर. फोन तू उचलत नाहीस. गेल्या महिन्यात सात वेळा केला, सातही वेळा पूर्ण वाजला. तुझी वहिनी गेली तेव्हा तू आलीस, तिच्या पायाशी तासभर बसलीस आणि माझ्याशी एक शब्दही न बोलता गेलीस. त्यालाही आता चार वर्षं होतील.

मुद्द्यावर येतो. नोकरी संपल्यावर रिकामा बसलो असतो तर भिंतींशी बोलायला लागलो असतो, म्हणून एका प्रकाशकाकडे शाळेच्या मुलांसाठी इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं काम घेतलं. एका शब्दाला एक कार्ड. अर्थ, मूळ, एक-दोन वाक्यं. सध्या एस अक्षर चालू आहे. संपादिका माझ्या निम्म्या वयाची आहे, पण नजर घारीची. परवा तिने एक कार्ड परत पाठवलं. त्यावर मी लिहिलं होतं, 'सिन्स : उभयान्वयी अव्यय. कारण, ज्या अर्थी.' खाली तिने लाल शाईत विचारलं होतं, 'आणि पासून? तो तर पहिला अर्थ. निसटला कसा?'



मग जुने ग्रंथ काढून मूळ शोधलं. हा शब्द जुन्या इंग्रजीत 'सिथ्थन' असा होता. सिथ म्हणजे नंतर. सगळं मिळून 'त्यानंतर', बस्स, एवढाच अर्थ. लोकांच्या तोंडात घासून घासून त्याचा सिन्स झाला. 'कारण' हा अर्थ मागाहून चिकटला. माणसाची खोडच आहे ती. जे नंतर झालं ते त्याच्यामुळेच झालं असं धरून चालायचं.

आता तुला कळलं असेल मी हे का लिहितो आहे. तुझ्या घरात ते वाक्य माझ्यापेक्षा जास्त वेळा उच्चारलं गेलं असणार. तरी एकदा लिहू दे. हॉस्पिटलच्या चादरी धुण्याच्या त्या कारखान्यात मी कचेरीत भाषांतराचं काम करायचो, तुझे हे बॉयलरघरात फिटर. सकाळी सहाला त्यांनी वाफेचा मुख्य व्हॉल्व्ह उघडला. साडेसहाला इस्त्रीच्या यंत्राजवळचा पाइपाचा जोड फुटला आणि इस्त्रीवाली भाजली. बाहेरून आलेल्या इंजिनियरने अहवालात इंग्रजीत लिहिलं, 'द जॉइंट हॅड बीन लीकिंग सिन्स द फिटर ओपन्ड द मेन व्हॉल्व्ह.' चौकशी समितीसाठी मी त्याचं मराठी केलं. 'फिटरने मुख्य व्हॉल्व्ह उघडल्यामुळे जोड गळत होता.'

उघडल्यापासून, असं लिहायला हवं होतं. त्या वेळी मला दुसरा अर्थ सुचलाच नाही गं. घाई होती, समिती खोळंबली होती. मी शब्दाला शब्द ठेवून मोकळा झालो. एकतीस वर्षांनी एक लाल शाईची ओळ येते आणि आपल्या हातून काय झालं ते कळतं.

मला येऊन तुझ्या ह्यांच्या पाया पडायचं आहे. कारखाना बंद झाला, समितीतले बरेच जण वर गेले, तरी लिहून द्यायला मी तयार आहे. तू हो म्हण.

तुझा दादा


२ फेब्रुवारी

दादा,

पत्र फोडलं, वाचलं. दोनदा वाचलं. तुझ्या पत्राचं मराठी करायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं, पण करते.

तू लिहितोस, दुसरा अर्थ सुचलाच नाही. मी नववीत इंग्रजीत नापास झाले होते तेव्हा मला कोणी शिकवलं? त्या लोखंडी खाटेवर बसून रोज एक तास, हातात पट्टी घेऊन. तुझे शब्द मला अजून पाठ आहेत. 'सिन्स दिसला की आधी मागे बघायचं. मागे हॅज बीन किंवा हॅड बीन असलं की डोळे मिटून पासून लिहायचं.' मी एकदा कारण लिहिलं तर पट्टी मारली होतीस. त्या अहवालात हॅड बीन आहे. तुझ्या पत्रातही तू ते नीट उतरवून काढलं आहेस. नववीतल्या नापास मुलीला जे कळत होतं ते कचेरीतल्या भाषांतरकाराला सुचलं नाही?

मी तेव्हाच ओळखलं होतं. युनियनच्या एका माणसाने अहवालाची इंग्रजी प्रत चोरून आणून दिली होती. मला सातवा महिना होता. मी तशीच चालत तुझ्याकडे आले आणि म्हणाले, दादा, हे पासून आहे. तू चष्मा पुसलास आणि म्हणालास, अहवाल गेला आता, समिती बघेल. मी दारातून परत फिरले. त्यानंतर तुझ्या घरात पाणीही प्यायले नाही. तुझ्या पत्रात या दिवसाचा उल्लेख नाही. तोही निसटला वाटतं.

पासून लिहिलं असतंस तर समितीला एक साधा प्रश्न पडला असता. सहापासून साडेसहापर्यंत जोड गळत होता, तर अर्धा तास लाइन बंद का केली नाही? ते बघायचं काम व्यवस्थापकाचं. तू मुळे लिहिलंस आणि तो अर्धा तासच पुसून टाकलास. उरला फक्त फिटर.

ह्यांचं काय झालं ते तुला ऐकायचं आहे का? की नुसतं पायाला हात लावून मोकळं व्हायचं आहे? नोकरी गेली. कागदावर 'निष्काळजीपणा' असं आलं, म्हणून दुसरीकडे कुठे बॉयलरजवळ उभं करेनात. मग स्टोव्ह आणि प्रेशर कुकर दुरुस्त करायला लागले. ज्या माणसाला नुसत्या आवाजावरून पाइपात किती पाणी आहे ते कळायचं, तो शिट्ट्या आणि रबरी कडी बदलत बसला. मुलगी त्यांच्या कामाबद्दल शाळेत कधी बोलली नाही. आणि ते स्वतः त्या दिवसाबद्दल बोलत नाहीत. मी विषय काढला की उठून जातात. तुझ्यावर चिडतही नाहीत. मीच चिडते, दोघांच्या वाटचं.

त्यात ती इस्त्रीवाली. समितीपुढे जाऊन म्हणाली, फिटरने चाक एका दमात गरगर फिरवलं, मी पाहिलं. कंपनीने तिला पढवलं होतं. हे तर म्हणाले, रोजच्यासारखंच सावकाश उघडलं. तिचा शब्द विरुद्ध ह्यांचा शब्द, अशी गाठ पडली होती. ती तुझ्या वाक्याने सुटली. मी त्या बाईला भर रस्त्यात, पाण्याच्या रांगेत, विकली गेलेली म्हटलं होतं. आजही ती समोरून आली की मी रस्ता बदलते.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे मी शाळेत नुसतं पाठ केलं होतं. अर्थ तू शिकवलास.

आता एका प्रश्नाचं उत्तर दे. फिरवून नाही, सरळ. तुला माहीत होतं की नव्हतं?

चिंगी


२० फेब्रुवारी

प्रिय चिंगी,

माहीत होतं.

हे दोन शब्द लिहून मी पेन खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन आलो. आता बाकीचं लिहितो.

अहवाल सकाळी आला. मी आधी पासूनच लिहिलं होतं. टाइप केलेला कागद घेऊन व्यवस्थापकाच्या खोलीत गेलो. त्यांनी वाचला, बाजूला ठेवला आणि मला बसायला सांगितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी त्या खोलीत बसलो. त्यांनी विचारलं, या शब्दाचे दोन अर्थ होतात ना? मी म्हटलं, होतात, पण इथे एकच होतो. ते म्हणाले, 'तुम्ही भाषांतरकार आहात, व्याकरणाचे मास्तर नाही. दोन होत असतील तर दुसरा लिहा.' आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. नुसतं एवढं म्हणाले की तुमच्या कायम होण्याचा कागद माझ्या खणात आहे, मार्चअखेर बघू. मग त्यांनी चहा मागवला. मी तो प्यायलो.

टाइपरायटरवर एक शब्द बदलायला किती वेळ लागतो? मागचा कागद फाडला, नवा घातला, सगळं पान पुन्हा काढलं. वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत मी स्वतःला बरंच काही सांगितलं. पाण्यात राहून माशाशी वैर कोणी करायचं. समिती काही माझ्या एका शब्दावर निकाल देणार नाही. फार तर ताकीद मिळेल. आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती. बाबांच्या मनाविरुद्ध तू त्या माणसाशी लग्न केलंस. मी बाबांच्या बाजूने उभा राहिलो आणि तू माझं तोंड बघून हसलीस. ते हसू मला टाइप करताना आठवलं. हे कधी कुणाला सांगेन असं वाटलं नव्हतं.

एप्रिलमध्ये मी कायम झालो.

मी शब्दकोशातल्या त्या कार्डावर पासून मुद्दाम गाळलं नव्हतं, यावर विश्वास ठेव. एकतीस वर्षं मी तो अर्थ मनातून असा काही बाजूला सारला होता की खरंच दिसेनासा झाला. आपला 'म्हणून' हा शब्दच बघ ना. म्हण या धातूपासून आलेलं, म्हणजे मुळात 'म्हटल्यावर'. कुणीतरी काहीतरी म्हणालं, एवढंच. तेच आपल्याकडे कारण होऊन बसलं. व्यवस्थापक म्हणाले म्हणून.

हे वाचून तू म्हणशील, आताही व्याकरण सांगतोय. मला दुसरं काही येत नाही.

सोबत एक निवेदन जोडलं आहे. त्यात मूळ इंग्रजी वाक्य आहे, त्याचा खरा अर्थ आहे आणि तो मी जाणूनबुजून, कुणाच्या सांगण्यावरून बदलला हे आहे. खाली सही. तुझ्या ह्यांना वाचून दाखव. ज्यांना ज्यांना दाखवायचं असेल त्यांना दाखव. वरातीमागून घोडं आहे, पण माझ्याकडे दुसरं नाही.

दादा


१६ एप्रिल

दादांना सप्रेम नमस्कार.

मी तुम्हांला आजवर कधी पत्र लिहिलं नाही. अक्षर वाईट आहे, सांभाळून घ्या. चिंगी मुलीकडे दोन दिवस गेली आहे, म्हणून लिहायला बसलो. हे तिला माहीत नाही.

तुमचा कागद आला त्या दिवशी तिने मला स्वयंपाकघरात बसवलं आणि मोठ्याने वाचून दाखवला. एकदा वाचला, मग सहीसकट पुन्हा. वाचताना रडत होती. एकतीस वर्षांत मी तिला इतकं आनंदात पाहिलं नाही. मला म्हणाली, आता मान वर करून चाला. मी म्हटलं, बरं.

त्यानंतर तिने तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून आणला. जुन्या शेजाऱ्यांना दाखवला. युनियनचा तो माणूस आता खाटेवर असतो, त्याच्या घरी नेऊन दाखवला. मुलीला फोनवर वाचून दाखवला. मुलगी मला म्हणाली, बाबा, सॉरी. आता ती म्हणते की तो इस्त्रीवालीला नेऊन दाखवायचा आहे. तिच्या दारात वाचून दाखवायचा आहे.

दादा, मी चाक एका दमात फिरवलं होतं.

तुम्ही कचेरीतले, म्हणून नीट सांगतो. सकाळी गार पाइपात पाणी साठलेलं असतं. आधी खालचा छोटा नळ उघडून ते काढायचं. मग व्हॉल्व्हचं चाक पाव फेरा उघडायचं, थांबायचं. पाइप तापू द्यायचा. मग पुन्हा थोडं. वीस मिनिटं लागतात. एकदम उघडलं तर वाफ ते पाणी पुढे ढकलते आणि पाणी घणासारखं जोडावर जाऊन आदळतं. हे मी दुसऱ्यांना शिकवायचो. त्या दिवशी मला उशीर झाला होता. नळ उघडला नाही. चाक गरगर फिरवलं. आतून घण बसल्याचा आवाज आला. इस्त्रीवाली यंत्रापाशी होती, तिथून उघड्या दारातून चाक दिसायचं. तिने आवाज ऐकला, माझ्याकडे पाहिलं. जोडातून वाफ यायला लागली.

जोड जुना होता हे खरं आहे. तो बदला म्हणून मी तीनदा लिहून दिलं होतं, तेही खरं आहे. गळतंय हे मी व्यवस्थापकांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, चादरी जायच्या आहेत, चालू दे. मी अडून बसायला हवं होतं. पण अडून बसलो असतो तर ते विचारणार, का गळतंय. ते मला सांगायचं नव्हतं. म्हणून गप्प बसलो. अर्ध्या तासाने फुटला.

तुम्ही दोन अर्थांबद्दल लिहिलं आहे. मला इंग्रजी येत नाही. पण दोन्ही अर्थ खरे होते. माझ्यापासून सुरू झालं आणि माझ्यामुळे झालं. तुम्ही खोटं लिहिलं आणि ते खरं निघालं. मी खरं सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही.

चिंगीला का नाही सांगितलं? आधी ती पोटुशी होती. मग नोकरी गेली, आणि तिने सगळा राग तुमच्यावर काढला. मला वाटलं, निदान तिला घरात राहायला एक तरी निरपराध माणूस आहे. मग दिवस जात राहिले. खोटं जुनं झालं की त्याला हात लावायची भीती वाटते, त्या जोडासारखी.

तुम्ही मोठे आहात. तिला लिहा की कागद इस्त्रीवालीकडे नेऊ नकोस. काय कारण द्यायचं ते तुम्ही ठरवा. तुम्हांला शब्द सापडतात.

आपला


२४ एप्रिल

प्रिय चिंगी,

निवेदन तुझ्या ह्यांना वाचून दाखवलंस हे कळून समाधान वाटलं. एक विचार मनात आला तो लगेच लिहितो. तो कागद तू आता फार लोकांना दाखवू नयेस. विशेषतः त्या इस्त्रीवालीला. ती म्हातारी झाली असेल, भाजलेली बाई आहे, जुन्या जखमेवरची खपली काढण्यात काय अर्थ? शिवाय अशा कागदाचे कायदेशीर परिणामही असू शकतात, मी एका ओळखीच्या वकिलांना विचारून कळवतो. तोपर्यंत कागद कपाटात ठेव. झालं ते झालं. ह्यांच्या मनाला शांती मिळाली, तेच महत्त्वाचं.

मुलीला आशीर्वाद.

दादा


१९ मे

दादा,

तुझं पत्र पोहोचलं त्याच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे जाऊन आले होते. म्हणजे तुला वकिलाला विचारायचे कष्ट पडणार नाहीत.

ती पिठाच्या गिरणीच्या मागे राहते, आमच्यापासून तीन गल्ल्या. एकतीस वर्षं तीन गल्ल्यांवर होती. दार उघडंच होतं. ती जमिनीवर बसून पुठ्ठ्यावर बटणं शिवत होती, उजव्या हाताने. डाव्या हाताची बोटं तळव्याशी चिकटलेली आहेत, त्या हाताच्या कोपराने ती पुठ्ठा दाबून धरते. मानेची कातडी एका बाजूने ओढलेली आहे, म्हणून बघताना सगळं अंग वळवावं लागतं. मी तिला इतक्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं. लांबूनच रस्ता बदलायचे ना.

मी उंबऱ्यात उभी राहून तुझा कागद वाचला. अगदी खणखणीत वाचला, शेजारणींना ऐकू जावा असा. वाचून झाल्यावर म्हटलं, कळलं ना आता कोण खोटं बोललं ते. तिने सुई पुठ्ठ्यात खोचून ठेवली. तिला राग आला नव्हता. माझ्याकडे बघून म्हणाली, 'बाई, तुझ्या नवऱ्याने तुला अजून सांगितलं नाही?'

मग तिने सांगितलं. ती दवाखान्यात होती तेव्हा हे तिसऱ्या दिवशी तिच्याकडे गेले होते. खाटेपाशी उभं राहून म्हणाले, माझ्या हातून झालं. ती म्हणाली, मी जे पाहिलं ते समितीला सांगणार. हे म्हणाले, सांग. आणि समितीपुढे आल्यावर स्वतः मात्र फिरले. पुढे मी तिला पाण्याच्या रांगेत विकली गेलेली म्हटलं, त्याच संध्याकाळी हे पुन्हा तिच्या दारात गेले. बायकोला खरं सांगू नको म्हणून हात जोडले. म्हणाले, सातवा महिना आहे, घर सोडून जाईल. ती म्हणाली, नाही सांगत. आणि खरंच नाही सांगितलं. मी पोरीला कडेवर घेऊन तिच्यासमोरून तोंड फिरवून जायचे, तेव्हाही नाही. आमच्या गल्लीत तिला कुणी कामाला ठेवत नव्हतं, माझ्या बोलण्यामुळे, तेव्हाही नाही.

मी विचारलं, का नाही सांगितलंत? तर म्हणाली, शब्द दिला होता.

तेवढंच नाही. दोष फिटरचा ठरला म्हणून कंपनीने तिच्या हाताला भरपाई दिली नाही. कंपनीची चूकच नाही तर द्यायची कशाची? व्यवस्थापकाने तिला तुझा मराठी कागद दाखवला होता म्हणे, अक्षरांवर बोट ठेवून. तिला वाचता येत नाही. त्याने वाचून दाखवलं, उघडल्यामुळे. ती म्हणाली, मला वाटलं असेल तसंच, शिकलेल्या माणसाने लिहिलं आहे.

तुझ्या निवेदनात तिचं नाव कुठे आहे, दादा? मी घरी येऊन शोधलं. एक पान भरून लिहिलं आहेस. मी आहे, हे आहेत, व्यवस्थापक आहे, तुझी सदसद्विवेकबुद्धी तर दोनदा आहे. ती नाही. माझ्याही मनात ती कुठे होती म्हणा. आपण तिघंजण एकतीस वर्षं त्या एका वाक्यावर भांडत राहिलो, आणि जिच्यावर वाफ आली ती वाक्यातच नव्हती.

घरी येऊन ह्यांना विचारलं. ते कुकरचं झाकण घासत होते. म्हणाले, हो. मग म्हणाले, मी दादांना सगळं लिहिलं होतं, ते तुला थांबवतील असं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. जुन्या जखमेवरची खपली, कायदेशीर परिणाम, मनाला शांती. वाचताना मला हसू आलं. तुला खरं कळून आठवडासुद्धा झाला नव्हता आणि तू पुन्हा बसून एक शब्द बदलला होतास. या वेळी तर खणात कुणाचा कागदही नव्हता.

तुम्हा दोघांपैकी कोणावर जास्त चिडावं ते मला ठरवता येईना. एकाने माहीत असून खोटं लिहिलं, दुसऱ्याने माहीत असून खोटं जगू दिलं. दोघंही म्हणणार, चिंगीसाठी. मी कुणाला सांगितलं होतं मला जपायला? मी घर सोडून गेले असते का, हे मला विचारलं तरी होतं कुणी? कदाचित गेले असते. कदाचित दोन दिवस अबोला धरून तिसऱ्या दिवशी दवाखान्यात डबा नेला असता, त्या बाईला. मी काय केलं असतं ते आता मलाच कळणार नाही. ते तुम्ही दोघांनी घालवलंत. मला नुसता राग करायला दिला, आणि तोही चुकीच्या माणसांचा.

ह्यांना मी सोडलेलं नाही. या वयात जाऊ कुठे? जेवायला वाढते, औषध देते. बोलणं नाही. ते बोलायला आले की मी म्हणते, आधी पाण्याच्या रांगेत जाऊन सांगा. अजून गेलेले नाहीत. मुलीला मात्र मी सगळं सांगितलं. तिने फोन ठेवून दिला.

मी इस्त्रीवालीकडे पुन्हा गेले होते. माफी मागितली. तिने माफ केलं असं म्हटलं नाही, केलं नाही असंही म्हटलं नाही. बस म्हणाली नाही. मी उभी राहिले, मग आपणहून खाली बसले आणि दोन पुठ्ठे शिवले. तिने ते उलटेपालटे करून बघितले आणि एका पुठ्ठ्याचे टाके उसवून परत शिवले. आता रोज सकाळी जाते. येऊ नको म्हणेपर्यंत जाईन.

तू ह्यापुढे मला पत्र पाठवू नकोस. आणखी एक निवेदन लिहून पाठवशील, चांगल्या मराठीत, शब्दांची मुळं शोधून. ते मला नको आहे. जे काही म्हणायचं असेल ते तिला म्हण. पत्ता पाकिटाच्या मागे लिहिला आहे. पण तिला वाचता येत नाही, तेव्हा लिहून भागणार नाही. तुला येऊन तिच्यासमोर तोंडाने सांगावं लागेल.

चिंगी